दाखल नोंदवहीच्या २३,६४० ओळी: सीएसव्ही फाइलपासून ऑब्जेक्टपर्यंतच्या कामाच्या नोंदी

काम असे आहे. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी १९३८ पासून चालू असलेल्या सार्वजनिक वाचनालयाची दाखल नोंदवही, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांकाने लिहिण्याची वही, नव्या प्रणालीत घ्यायची आहे. नोंदवही गेल्या काही वर्षांत चार जणांनी, चार निरनिराळ्या संगणकांवर, तुकड्यातुकड्यांनी टंकून ठेवली आहे, त्यामुळे टंकलेखन करायचे नाही. ग्रंथपाल बाईंनी सीएसव्ही फाइल (साध्या मजकुराची, रकाने स्वल्पविराम किंवा तशाच चिन्हाने वेगळे केलेली) अपलोड करावी, प्रत्येक ओळीतून पुस्तकाचा एक ऑब्जेक्ट, म्हणजे प्रणालीतील एक स्वतंत्र नोंद, तयार व्हावा आणि जी ओळ समजली नाही ती कारणासह त्यांच्यासमोर यावी, एवढेच माझ्याकडे आहे. भाषा पायथन, त्यावर जँगो ही संकेतस्थळे बांधण्याची चौकट. नोकरीतून मिळणाऱ्या संध्याकाळी आणि रविवारी हे काम करायचे ठरवले आणि समितीला "चार संध्याकाळी पुरतील" असे सांगून आलो.

फाइल १ मध्ये दाखल क्रमांक १ ते ११,००० आहेत आणि ती जुन्या संगणक प्रणालीतून टॅबने विभागलेल्या मजकुराच्या रूपात निघालेली आहे. फाइल २ मध्ये पुढचे ५,५०० आणि फाइल ३ मध्ये २,५०० क्रमांक आहेत, तर उरलेले ४,६४० क्रमांक फाइल ४ मध्ये आहेत. या शेवटच्या तिन्ही फाइली एक्सेलमध्ये तयार झाल्या.

३ जून २०२४

फाइल ४ मधील पहिल्या पन्नास ओळी घेऊन सुरुवात केली. आळस केला आणि ओळ स्वल्पविरामावर तोडून यादी बनवली. सातव्याच ओळीत लेखकाचे नाव "आडनाव, नाव" असे होते. तिथून पुढचे सगळे रकाने एकेक घर सरकले आणि प्रकाशकाच्या जागी लेखकाचे पाळण्यातले नाव जाऊन बसले. स्वल्पविराम असलेला सेल एक्सेल अवतरणचिन्हांत बांधून देते आणि आत अवतरणचिन्ह असेल तर ते दोनदा लिहिते. सीएसव्हीचा हा संकेत २००५ मध्ये आरएफसी ४१८० या दस्तऐवजात लिहूनही ठेवलेला आहे. पायथनचे सीएसव्ही मॉड्यूल, म्हणजे अशा फाइली वाचणारे तयार साधन, हे सारे जाणते. चाळीस मिनिटे वाया गेली. हाताने ओळ तोडण्याच्या फंदात इतरांनी पडू नये.

५ जून

मॉड्यूल वापरूनही "दाखल क्रमांक" हा रकाना सापडेना. छापून पाहिले तर पहिल्या ओळीत तो रकाना ठळकपणे दिसत होता. मी तेच नाव फाइलमधून उचलून कोडमध्ये चिकटवले, तर चालले. हाताने टंकले की बंद पडे. अडीच तासांनंतर स्ट्रिंगची, म्हणजे त्या मजकुराच्या तुकड्याची, लांबी मोजली, तेव्हा एक अक्षर जास्त भरले. एक्सेल यूटीएफ-८ या संकेतनात (अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या रीतीत) सीएसव्ही जतन करताना फाइलच्या अगदी आरंभी बीओएम नावाचे एक न दिसणारे चिन्ह ठेवते, आणि ते पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटून आले होते. पायथनचे स्ट्रिप हे फंक्शन रिकाम्या जागा काढते, पण या चिन्हाला ते रिकामी जागा मानत नाही. फाइल उघडताना संकेतन साध्या यूटीएफ-८ ऐवजी "यूटीएफ-८-सिग" सांगितले की बीओएम असो वा नसो, दोन्ही प्रकारच्या फाइली नीट वाचल्या जातात.

रकान्यांच्या नावांचा प्रश्न याच दिवशी सोडवून टाकला. एका फाइलमध्ये "पुस्तकाचे नाव", दुसऱ्या फाइलमध्ये जुन्या वळणाचे अनुस्वारासह "पुस्तकाचे नांव" आणि तिसऱ्या फाइलमध्ये नुसते "ग्रंथनाम" होते. प्रत्येक रकान्याला मान्य नावांची एक यादी दिली आणि अनोळखी नाव आले तर फाइल तिथेच थांबवून विचारायचे ठरवले.

८ जून

फाइल १ प्रथमच अपलोड केली. तिचा आकार २.७ एमबी आहे, कारण देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. ओळी आल्या, पण मधूनच एखाद्या शीर्षकात प्रश्नचिन्ह असलेला काळा चौकोन दिसू लागला. तो एकूण १९ ठिकाणी होता, आणि मूळ फाइलमध्ये त्या जागा स्वच्छ होत्या.

कारण कळले तेव्हा स्वतःचाच राग आला. जँगोमध्ये अपलोड झालेली फाइल २.५ एमबीपेक्षा लहान असेल तर ती स्मृतीत राहते आणि तुकडे मागितले तरी सबंध एकाच तुकड्यात मिळते. मोठी असेल तर ती तात्पुरत्या फाइलमध्ये जाते आणि ६४ केबीच्या तुकड्यांनी हाती येते. मी प्रत्येक तुकडा मिळाल्याबरोबर त्याचा मजकूर करत होतो. ६४ केबीची सीमा एखाद्या अक्षराच्या तीन बाइटांमधून गेली की एक बाइट अलीकडे आणि दोन पलीकडे राहत, आणि दोन्हीकडे मोडतोड होई. शिवाय "चूक आली तर काळा चौकोन टाक" ही सवलत मीच देऊन ठेवली होती, म्हणून प्रणालीने तक्रारही केली नाही. ती सवलत नसती तर काम पहिल्याच सीमेवर थांबले असते आणि माझा दिवस वाचला असता. सारे चाचणीचे नमुने लहान होते, त्यामुळे ही चूक चाचणीत कधीच दिसली नसती.

आता फाइलच्या बाइटप्रवाहाभोवती टेक्स्टआयओरॅपर हा बाइटांचा मजकूर करणारा ऑब्जेक्ट गुंडाळून तोच मॉड्यूलला देतो, आणि न्यूलाइनची किंमत रिकामी ठेवतो. सेलमध्ये ऑल्ट-एंटर दाबून दोन ओळी लिहिणारे लोक असतात. ती आतली नवी ओळ शाबूत राहायची असेल तर ही किंमत रिकामी असावी लागते.

११ जून

फाइल २ मध्ये शीर्षकाच्या रकान्यात प्रश्नचिन्हांखेरीज काहीही नाही. पाच वर्णचिन्हांच्या नावाला पाच, सात वर्णचिन्हांच्या नावाला सात. संकेतन बदलून दोन तास प्रयत्न केले आणि मग फाइलमधील बाइटच तपासले: तिथे खरोखरीची प्रश्नचिन्हे होती. एक्सेलमध्ये साधा "सीएसव्ही" पर्याय निवडला की मजकूर विंडोजच्या जुन्या संकेतनात जातो. त्यात देवनागरी नाही, म्हणून प्रत्येक वर्णाचे प्रश्नचिन्ह होते आणि ते परत फिरवता येत नाही. एक्सेल २०१६ पासून "सीएसव्ही यूटीएफ-८" असा वेगळा पर्याय आहे, तो निवडायला हवा होता.

बाइट शाबूत असले तरी डोळ्यांना ते बिघडलेले दिसू शकतात, हा भेद मला इथे नीट कळला. बीओएम नसलेली चांगली यूटीएफ-८ फाइल दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडली, की डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन "ए" आणि चार शेंड्यांचे गोल चलनचिन्ह अशी जोडी पुन्हा पुन्हा येते, कारण देवनागरीच्या बहुतेक वर्णांचे पहिले दोन बाइट तेच असतात. ती रांगोळी दिसली तर घाबरू नये, मजकूर जिवंत आहे. प्रश्नचिन्हे दिसली तर मूळ फाइल शोधावी.

फाइल २ ची मूळ एक्सेल फाइल टंकणाऱ्या केंद्राच्या जुन्या पेनड्राइव्हवर चार दिवसांनी मिळाली. दरम्यान एक तपासणी लिहिली: शीर्षकाच्या रकान्यातील दहापेक्षा अधिक ओळी केवळ प्रश्नचिन्हांच्या असतील तर फाइल स्वीकारायचीच नाही.

१६ जून

फाइल १ मधून ११,००० ओळी यायला हव्या होत्या. त्याऐवजी "रकाना १,३१,०७२ या मर्यादेपेक्षा मोठा आहे" अशी त्रुटी आली. शोध घेतला तर जो तो मर्यादा वाढवण्याचा सल्ला देतो, म्हणून मीही वाढवली. त्रुटी गेली आणि तिच्याबरोबर ओळीही गेल्या, कारण आता ८,७४१ च भरल्या. वर्तमानपत्राएवढ्या लांबीचे शीर्षक असलेले पुस्तक वाचनालयात असणे शक्य नाही, हे मर्यादा वाढवण्याआधी माझ्या लक्षात यायला हवे होते.

दाखल क्रमांक २,०३६ च्या शीर्षकाची सुरुवात अवतरणचिन्हाने होत होती आणि ते बंद करणारे चिन्ह टंकायचे राहून गेले होते. जुनी प्रणाली टॅबने रकाने वेगळे करते आणि अवतरणचिन्हांना तिच्या लेखी काही अर्थ नाही. पण सीएसव्ही मॉड्यूल ते चिन्ह दिसताच पुढचे टॅब आणि पुढच्या ओळी शीर्षकाच्याच मानून गिळत जाते, थेट पुढच्या अवतरणचिन्हापर्यंत. एका जागी दीड हजारांहून अधिक ओळी एकाच शीर्षकाच्या पोटात गेल्या होत्या. मर्यादेची त्रुटी त्या मोठ्या घासावर आली. लहान घास मात्र निमूटपणे गिळले गेले. या फाइलपुरते "अवतरण नाही" असे मॉड्यूलला सांगितले आणि मर्यादा पुन्हा मूळ आकड्यावर आणली. मोजणी ११,००० आली.

या दिवसापासून अपलोडच्या पानावर एक चौकट वाढवली: "या फाइलमध्ये किती पुस्तके असावीत?" बाई आकडा लिहितात आणि मोजणी जुळली नाही तर पुढचे काही होत नाही. एवढी साधी गोष्ट, पण पुढे तिनेच मला दोनदा वाचवले.

१९ जून

बाईंचा फोन आला. "अहो, तुमच्या यादीत ८१२व्या ओळीत किंमत चुकली म्हणून दाखवतंय. मी तीनदा पाहिलं, ८१२ला काहीच चुकलेलं नाही." त्यांचे बरोबर होते. मॉड्यूलचा ओळक्रमांक फाइलमधील भौतिक ओळी मोजतो; ज्या सेलमध्ये दोन ओळी होत्या त्या त्याने दोन मोजल्या. एक्सेलच्या डाव्या कडेला दिसणारा क्रमांक वेगळा असतो, आणि बाईंसाठी तोच खरा. आता नोंदी स्वतः मोजतो, पहिली ओळ शीर्षकांची म्हणून मोजणी दोनपासून सुरू करतो आणि त्रुटीसोबत दाखल क्रमांकही देतो, कारण त्या शेवटी नोंदवहीच उघडून पाहतात.

त्रुटीसुद्धा एक ऑब्जेक्टच केली: ओळ, रकाना, सेलमधील मूळ मजकूर जसाच्या तसा आणि कारण. "अवैध मूल्य" असले कारण लिहायचे नाही. "किंमत 'भेट' अशी लिहिली आहे, आकडा हवा" असे लिहायचे.

२२ ते २५ जून

तारखांनी चार संध्याकाळी खाल्ल्या, म्हणजे ज्या सबंध कामाला पुरणार होत्या तेवढ्याच.

पहिला प्रकार फाइल १ मधला. "नुकतीच आलेली पुस्तके" या पानावर सर्वांत वर २०६८ सालची पुस्तके दिसली. जुन्या प्रणालीत वर्ष दोन अंकी आहे, उदाहरणार्थ १४-०८-६२. दोन अंकी वर्ष वाचताना पायथन ०० ते ६८ हे आकडे एकविसाव्या शतकात आणि ६९ ते ९९ विसाव्या शतकात टाकते. एक्सेलची सीमा वेगळी आहे: तिथे २९ पर्यंत दोन हजारात आणि ३० पासून एकोणीसशेत. त्यामुळे १९६८ पर्यंतची सारी खरेदी माझ्याकडे शंभर वर्षे पुढे गेली आणि एक्सेलमध्ये उघडून पाहणाऱ्या बाईंना मात्र काहीच चुकीचे दिसेना. वाचनालय १९३८ चे असल्यामुळे इथे संशयाला जागाच नाही: ३८ ते ९९ म्हणजे एकोणीसशे, ०० ते २४ म्हणजे दोन हजार, आणि मधला आकडा आला तर चूक. हा नियम दुसऱ्या वाचनालयाला जसाच्या तसा लावू नये.

दुसरा प्रकार फाइल ४ मधला, आणि तो खरा छळवादी. ही फाइल एका महाविद्यालयीन स्वयंसेवकाच्या लॅपटॉपवर टंकली गेली, ज्यात तारखेची मांडणी अमेरिकी, म्हणजे महिना आधी अशी होती. त्याने नोंदवहीत पाहून ०३/०४/२०१९ असे टंकले की एक्सेलने ती ४ मार्च समजून साठवली. १३/०४/२०१९ टंकले की तेरावा महिना नसल्यामुळे एक्सेलने ती तारीख मानलीच नाही आणि मजकूर म्हणून तशीच ठेवली. पुढे ती फाइल वाचनालयाच्या संगणकावर उघडून सीएसव्ही केली गेली. तिथली मांडणी भारतीय, त्यामुळे खऱ्या तारखा आडव्या रेघेने ०४-०३-२०१९ अशा उमटल्या आणि मजकूर राहिलेल्या तारखा तिरप्या रेघेने १३/०४/२०१९ अशाच राहिल्या.

हे सारे मला नंतर समजले. प्रथम मी दोन्ही चिन्हे सारखीच मानून दिवस-महिना-वर्ष असे वाचले आणि एकही त्रुटी आली नाही. चूक सापडली ती दाखल क्रमांकांमुळे. दाखल क्रमांक वाढत जातो तशी तारीखही पुढे जायला हवी; इथे ती बेडकासारखी उड्या मारत होती. कागदावर दोन याद्या केल्या, तेव्हा उलगडा झाला. आडव्या रेघेच्या सुमारे १,८०० तारखांत बारापेक्षा मोठा दिवस एकही नव्हता, आणि तिरप्या रेघेच्या प्रत्येक तारखेत पहिला आकडा बारापेक्षा मोठाच होता. म्हणजे रेघेचा प्रकारच सांगत होता की कोणती तारीख उलटली आहे. आडव्या रेघेच्या तारखांत दिवस आणि महिना यांची अदलाबदल केली आणि क्रम सुरळीत झाला. तीन ओळी तरीही क्रमाबाहेर राहिल्या. त्या नोंदवहीत पाहिल्या तर तिथेच तारखा मागेपुढे होत्या.

काही सेलमध्ये तारखेऐवजी ४३५२८ असे आकडे होते. हा एक्सेलचा दिवसक्रमांक आहे. कोडमध्ये आधार ३० डिसेंबर १८९९ घ्यावा लागतो, कारण एक्सेल १ जानेवारी १९०० ला पहिला दिवस मानते आणि कधीही न झालेली २९ फेब्रुवारी १९०० सुद्धा मोजते. ४३५२८ म्हणजे ४ मार्च २०१९. पण तीही याच फाइलमधली, म्हणून उलटून ३ एप्रिल.

"भाग" या रकान्यात १/२ असे टंकलेले सेलही एक्सेलने तारीख करून ठेवले होते. हा एकट्या आमच्या वाचनालयाचा छळ नाही. एक्सेल काही जनुकांच्या नावांच्या तारखा करत असे, म्हणून मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने २०२० मध्ये ती नावेच बदलल्याचे जाहीर केले. आम्ही ३७ सेल हाताने दुरुस्त केले.

२६ जून

आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचा, रकाना उघडला आणि ही चूक सर्वस्वी माझी आहे, हे आधी लिहून ठेवतो. मी मे महिन्यात फोनवर "सगळ्या फाइली सीएसव्ही करून पाठवा" असे सांगितले होते. फाइल ४ सीएसव्ही झाल्यावर "आता हीच खरी" असे समजून मूळ एक्सेल फाइल पुसून टाकली गेली. एक्सेल सीएसव्हीमध्ये सेलमध्ये जे दिसते तेच लिहिते, आणि तेरा अंकी आयएसबीएन रकान्यात ९.७८८१८ई+१२ असा दिसत होता. पहिले सहा अंक उरले, बाकीचे गेले. मूळ फाइलमध्ये एक्सेल पंधरा अंकांपर्यंत आकडा पूर्ण ठेवते, म्हणजे ती असती तर एका मिनिटाचे काम होते.

१,१४० पुस्तके कपाटांतून काढून आयएसबीएन पुन्हा उतरवावे लागले. एका विद्यार्थ्याने नोंदीला दोन रुपये या दराने ते केले. २,२८० रुपये मी दिले, समितीकडे मागण्याचे तोंड नव्हते. नवे आकडे लिबरऑफिसमध्ये, रकाना "मजकूर" ठरवून टंकले. लिबरऑफिस सीएसव्ही उघडतानाच संकेतन, विभाजक आणि प्रत्येक रकान्याचा प्रकार विचारते. तपासअंकाची (आधीच्या अंकांवरून निघणाऱ्या शेवटच्या अंकाची) पडताळणी लावल्यावर टंकलेखनाच्या चौदा चुका लगेच सापडल्या. २००७ च्या आधीच्या दहा अंकी क्रमांकांपैकी इंग्रजी पुस्तकांचे काही क्रमांक नऊच अंकी निघाले, कारण आरंभीचे शून्य एक्सेलने गिळले होते. ते लावून तपासअंक जुळला तरच स्वीकारले.

३० जून

फाइल ३ समितीच्या एका सदस्यांच्या कन्येने जर्मनीत बसून, नोंदवहीची छायाचित्रे पाहून टंकली आहे. तिथल्या संगणकावर दशांशचिन्ह स्वल्पविराम असते, म्हणून एक्सेल रकाने अर्धविरामाने वेगळे करते. विभाजक ओळखायला मॉड्यूलमध्ये अंदाज बांधणारे एक साधन आहे, पण मी ते वापरले नाही. शीर्षकांच्या ओळीत टॅब, स्वल्पविराम, अर्धविराम किती आहेत ते मोजून प्रस्ताव मांडतो आणि माणसाकडून मान्य करून घेतो.

विभाजक सुटला, पण किंमत अडकली. फाइल २ मधील "१,२५०" साठी मी स्वल्पविराम पुसून टाकण्याचा नियम केला होता. तो फाइल ३ मधील "१२५,५०" ला लागला आणि सव्वाशे रुपयांचे पुस्तक साडेबारा हजारांचे झाले. बेरीज केली तेव्हा अडीच हजार पुस्तकांची किंमत पावणेचार कोटी भरली. इमारतीसकट वाचनालय विकले तरी एवढे यायचे नाहीत.

इथे माझी मांडणीच बदलली. आजवर एकच हुशार वाचक लिहायचा प्रयत्न होता, जो कोणतीही फाइल पाहून सारे ओळखेल. तो मोडून टाकला. आता प्रत्येक फाइलसोबत तिच्या "स्वभावाचा" एक ऑब्जेक्ट असतो: संकेतन, विभाजक, अवतरणाचा नियम, दशांशचिन्ह, तारखेचा क्रम. अपलोड झाल्यावर पहिल्या दहा ओळी अर्थ लावून दाखवतो, म्हणजे "१२५,५०" च्या शेजारी "एकशे पंचवीस रुपये पन्नास पैसे" असे अक्षरी येते. बाईंनी "बरोबर" म्हटले तरच पुढे जातो. दुरुस्तीला दोन रविवार लागले, पण त्यानंतर एका फाइलचा नियम दुसरीला बाधला नाही.

त्याच सुमारास आणखी एक गंमत दिसली. पायथन "१२५" हे देवनागरी अंक सरळ संख्येत बदलते, पण ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट त्यांना संख्या मानत नाही. त्यामुळे पडद्यावर लाल रंगात नाकारलेली किंमत सर्व्हरवर निमूटपणे स्वीकारली जाई. तपासणी फक्त सर्व्हरवर ठेवली.

पण हीच सोय प्रकाशनवर्षाच्या रकान्यात उलटली. जुन्या पुस्तकांवर शके असतो. "शके १८४२" असे लिहिलेले असेल तर प्रश्न नाही. ७८ किंवा, वर्षारंभानंतरच्या जानेवारी-मार्चसाठी, ७९ मिळवून १९२०-२१ काढता येते. पण टंकणाऱ्याने "शके" गाळून नुसते "१८४२" लिहिले तर प्रणाली ते बिनतक्रार इसवी सन समजते. अठराशेचे वर्ष आले की ओळ शंकेच्या यादीत टाकायची, असे ठरवले. अशी ६४ पुस्तके निघाली. बाईंनी मुखपृष्ठे पाहिली, त्यांतील ५९ शकांची होती.

९ जुलै

शोध चालत नाही अशी तक्रार आली. "दऱ्या" शोधले की काही सापडत नाही, आणि "दर्या" शोधले की डोंगरदऱ्यांवरची पुस्तके येतात.

ही माझ्या स्वच्छतेची करणी होती. शून्य रुंदीची न दिसणारी चिन्हे मजकुरात फार झाली होती, म्हणून मी ती सरसकट काढून टाकली होती. पण "ऱ्य" लिहिण्याच्या दोन रीती आहेत: एक स्वतंत्र "ऱ" घेऊन, आणि दुसरी साधा "र", हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचे जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. दुसऱ्या रीतीतून ते जोडचिन्ह काढले की "वाऱ्यावर" चे "वार्यावर" होते, आणि "दऱ्या" चा दर्या. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकच अक्षर लिहिण्याच्या निरनिराळ्या रीती एकसारख्या करणे, इथे उपयोगी पडत नाही. ते "र" आणि नुक्ता यांचा "ऱ" करते, पण जोडचिन्हाच्या रीतीला हात लावत नाही. म्हणून आधी "र, हलन्त, जोडचिन्ह" या तिकडीचा "ऱ, हलन्त" करायचा, मग एनएफसी, आणि त्यानंतरच उरलेली अदृश्य चिन्हे काढायची. हा क्रम चुकला की नुकसान भरून येत नाही.

मजकूर परत मिळाला, कारण १९ जूनपासून प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये सेलमधील मूळ मजकूर वेगळा ठेवत आलो आहे. तो नसता तर चारही फाइली पुन्हा चढवाव्या लागल्या असत्या.

याच यादीत "ॲ" आहे. तो स्वतंत्र वर्ण म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधी कोणी "अ" वर चंद्र देत, कोणी हिंदीतला "ऍ" वापरत. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकण्याची सवय तर सार्वत्रिक आहे. हे बदल फक्त शोधासाठी ठेवलेल्या प्रतीत केले. दाखवायचे शीर्षक जसे टंकले तसेच राहील. पुस्तकाच्या नावाचे शुद्धलेखन सुधारणे हे माझे काम नाही.

१४ जुलै

ऑब्जेक्टची रचना. सुरुवातीला एक ओळ म्हणजे एक पुस्तक धरले होते, पण नोंदवहीची ओळ ही प्रतीची असते. एकाच कादंबरीच्या पाच प्रती पाच ओळींत येतात. म्हणून "शीर्षक" आणि "प्रत" असे दोन वर्ग केले. किंमत, दाखल क्रमांक, दाखल तारीख प्रतीकडे, बाकीचे शीर्षकाकडे. दोन ओळींचे शीर्षक एकच आहे की नाही, हे नाव, लेखक, प्रकाशक आणि वर्ष यांवरून सुचवतो, पण आपोआप जोडत नाही.

दाखल क्रमांक मी पूर्णांक ठेवला होता. पुस्तकांच्या पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्यांवर "००४५७" आहे आणि नोंदवहीत "४५७अ" अशीही एक नोंद आहे. कधीतरी राहून गेलेले पुस्तक मागाहून घुसवलेले. वर्गांकाचेही, म्हणजे विषयानुसार दिलेल्या क्रमांकाचेही, तसेच: मराठी साहित्याचा ड्यूई वर्गांक ८९१.४६, त्याला दशांश समजून साठवले की शेवटची शून्ये उडतात. दोन्ही स्ट्रिंग केले. ज्याची बेरीज-वजाबाकी कधीच होणार नाही त्याला संख्या करू नये, हे जुने शहाणपण मला याही वेळी उशिरा आठवले.

१८ जुलै

फाइल १ प्रत्यक्ष प्रणालीत चढवली. सहा हजाराव्या ओळीच्या आसपास गावातली वीज गेली, जोडणी तुटली, आणि बाईंनी वीज आल्यावर पुन्हा अपलोड केले. आधीची सहा हजार पुस्तके दुप्पट झाली. आता सबंध फाइल एकाच व्यवहारात जाते, म्हणजे सगळी किंवा काहीच नाही. दाखल क्रमांकावर एकमेवतेचे बंधन आहे, आणि फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठसा, जपून ठेवतो, म्हणजे तीच फाइल पुन्हा आली तर सांगता येते. वेग यावा म्हणून एकगठ्ठा साठवणूक वापरली, तेव्हा शोधाची प्रत तयारच झाली नाही. जँगो त्या मार्गाने प्रत्येक ऑब्जेक्टची सेव्ह पद्धत बोलावत नाही. ती प्रत आता ऑब्जेक्ट बनतानाच तयार करतो. ११,००० ओळींना अकरा सेकंद लागतात, तेवढे पुरे.

२१ जुलै

चारही फाइली आल्या. मोजणी २३,६४१ भरली, एक जास्त, आणि अर्धा तास शोधल्यावर ती "४५७अ" निघाली. जुन्या प्रणालीच्या ११,००० मध्ये ती धरलेलीच नव्हती, कारण तिलाही क्रमांकात अक्षर चालत नव्हते, आणि बाईंनी ती परवा हाताने घातली होती.

शंकेच्या यादीत २७ ओळी उरल्या आहेत. बाईंनी ती यादी छापून घेतली आणि नोंदवहीचे खंड टेबलावर मांडून बसल्या. संध्याकाळपर्यंत २६ झाल्या. सत्ताविसावी नोंद क्रमांक ३,११८ ची: किंमतीच्या रकान्यावर कधीकाळी पाणी सांडले आहे आणि शाईचा निळा डाग तेवढा राहिला आहे. तिथे किंमत रिकामी ठेवली आणि शेऱ्यात बाईंच्या सांगण्याप्रमाणे "मूळ नोंद अवाच्य" असे लिहिले.